बाळाचं हृदय कुणाच्या हाती द्यायचं?

‘छातीत जरा वेगळा आवाज येतोय. एकदा टूडी इको करून घ्या.’ लस टोचायला नेलेल्या दीड-दोन महिन्यांच्या बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवून डॉक्टर एवढंच बोलतात. पुढचा रुग्ण आत येतो आणि आई बाहेरच्या बाकावर बसून फोन लावू लागते. घरी पोचेपर्यंत सल्ले गोळा झालेले असतात. एक म्हणतं, छिद्र असतं ते आपोआप बुजतं, काळजी करू नका. दुसरं म्हणतं, मोठं झाल्यावर बघू, एवढ्याशा जिवाला कुठे कापायचं? तिसरं कुणीतरी मोबाइलवर एका सर्जनचं नाव काढून दाखवतं. नावापुढे अक्षरांची रांग असते : एमबीबीएस, एमएस, एमसीएच (सीव्हीटीएस), फेलोशिप अमुक, फेलोशिप तमुक. त्या रांगेकडे बघून घरातली माणसं आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय घेतात, आणि तिच्यातल्या एकाही अक्षराचा नेमका अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो.

हा लेख त्या रांगेबद्दल आहे. लहान मुलांच्या हृदयाचा सर्जन घडतो कसा, त्याच्या पदव्या आईबापांना काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे घणसोली गावात उभं राहून बघायचं मी ठरवलं. मोठ्या रुग्णालयाच्या लॉबीतून हा विषय वेगळा दिसतो. गावठाणातल्या बोळातून तो खरा दिसतो.

घणसोली हे ठाणे खाडीच्या काठचं आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासळी यांवर जगणारं. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, गावाभोवती सेक्टर उभे राहिले. एका बाजूला खाडी आणि तिवरं, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्यापलीकडे एमआयडीसी. गावठाणातल्या गल्ल्या मात्र अजून तेवढ्याच अरुंद आहेत. जुन्या कौलारू घरांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत आता खालच्या मजल्यावर मूळ घरमालक आणि वर भाडेकरू राहतात. कुणी साताऱ्याचं, कुणी मराठवाड्याचं, कुणी थेट बिहारमधून आलेलं. आजारपणात धावून येणारी माणसं कुणाकडे भरपूर, कुणाकडे एकही नाही. बाळाच्या हृदयात दोष निघाला की हा फरक लगेच कळतो.

दर हजार जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. जगभर हे प्रमाण थोड्याफार फरकाने सारखंच आहे. भारतात दर वर्षी अशी दोन लाखांच्या आसपास मुलं जन्मतात आणि त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच काही ना काही उपचार लागतो, असा बालहृदयरोगतज्ज्ञांचा अंदाज आहे. उरलेल्यांत कितीतरी बारीक छिद्रं खरोखरच आपोआप बुजतात. म्हणूनच ‘बुजतं’ हा सल्ला इतका चिकट आहे. शेजारच्या घरातल्या मुलीचं बुजलेलं असतं, आणि आपल्या मुलाचं छिद्र वेगळ्या जागी, वेगळ्या मापाचं आहे हे इको केल्याशिवाय कळायला मार्ग नसतो.

मोठ्या छिद्राचं बाळ दूध ओढताना दमतं. दोन घोट घेतं, थांबतं, कपाळावर घाम येतो, पुन्हा दोन घोट. वजन वाढत नाही. छाती वारंवार भरते. घरात म्हणतात, दूध अंगी लागत नाही, नजर लागली. निळं पडणारं बाळ वेगळं. रडताना त्याचे ओठ आणि नखं निळसर होतात, आणि चालायला लागलेलं असं मूल खेळता खेळता मध्येच उकिडवं बसतं, कारण तसं बसल्यावर त्याला बरं वाटतं. ही उकिडवी बैठक बघून जुने बालरोगतज्ज्ञ दारातच निदान ओळखायचे.

सर्जनच्या पदव्यांवर बोलायच्या आधी हे सांगायचं कारण असं, की जगातला सर्वोत्तम सर्जनही उशिरा आलेल्या मुलापुढे हतबल असतो. दोन जवनिकांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असेल, तर फुप्फुसांकडे जास्तीचं रक्त जोराने जात राहतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या हळूहळू जाड आणि कडक होतात. एका टप्प्यानंतर छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं. जे काम सहाव्या महिन्यात झालं असतं ते सहाव्या वर्षी करता येत नाही. महारोहिणी आणि फुप्फुस-रोहिणी यांची अदलाबदल घेऊन जन्मलेल्या बाळाला तर मुदत फक्त काही आठवड्यांची असते. ‘मोठं झाल्यावर बघू’ या वाक्याने जेवढी मुलं गमावली असतील तेवढी शस्त्रक्रियेने गमावली नसतील, असं मला मनापासून वाटतं.

ही मुलं वेळेत सापडावीत म्हणून सरकारी यंत्रणा आहे, आणि तिचा आरंभ आपल्याच शेजारी झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यातली फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतात. हृदयात दोष सापडला, तर पुढचा उपचार या कार्यक्रमातून मोफत होऊ शकतो. अंगणवाडीच्या खोलीत, तीसेक मुलांच्या गलक्यात, ज्याला मर्मर ऐकू आला तो डॉक्टर या सगळ्या साखळीतला पहिला दुवा. सर्जनचं नाव वर्तमानपत्रात येतं, याचं कधीच येत नाही.

आता ती रांग.

बारावीनंतर एमबीबीएस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्याला त्यानंतर बंधपत्राची एक वर्षाची सेवा. मग एमएस, म्हणजे जनरल सर्जरी, तीन वर्षं. या काळात तो हृदयाला हातही लावत नाही. अपेंडिक्स, हर्निया, फुटलेलं आतडं, रात्री दोनला आलेला अपघात यांवर त्याचा हात बसतो. त्यानंतर पुन्हा देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा आणि एमसीएच, आणखी तीन वर्षं. सीव्हीटीएस म्हणजे हृदय, छाती आणि रक्तवाहिन्या. इथे तो पहिल्यांदा छातीचं हाड उघडतो, पण त्याच्यासमोरचे बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीचे असतात : बायपास, झडपा. मुलांचं काम तो बघतो, मदतीला उभा राहतो. पदवी हातात पडते तेव्हा वय तिशीच्या पलीकडे गेलेलं असतं आणि मुलांच्या हृदयाचं शिक्षण खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतं.

पाटीवरचा ‘फेलोशिप’ हा शब्द म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा. ती दिल्ली, कोची, चेन्नई, बंगळूरुच्या एखाद्या मोठ्या केंद्रात झालेली असते, नाहीतर लंडन, टोरांटो, बोस्टन, मेलबर्नच्या मुलांच्या रुग्णालयात. पण आठवडाभर पाहुणा म्हणून जाऊन आलेला आणि दोन वर्षं तिथे रोज स्क्रब होऊन उभा राहिलेला, दोघांच्याही पाटीवर परदेशी रुग्णालयाचं नाव सारख्याच टायपात छापता येतं. अमेरिकेतसुद्धा जन्मजात हृदयदोषांच्या शस्त्रक्रियेचं वेगळं प्रमाणपत्र २००९ पासूनच मिळू लागलं. एवढी ही शाखा तरुण आहे.

फेलोशिपनंतरही तो लगेच प्रमुख सर्जन होत नाही. आधी सोपी कामं : उघडी राहिलेली धमनी बांधणं, कर्णिकांमधल्या पडद्याचं छिद्र बुजवणं. मग जवनिकांमधलं छिद्र. मग निळ्या बाळांची दुरुस्ती. नवजात बाळाच्या रोहिण्यांची अदलाबदल सरळ करायला ज्येष्ठ सर्जन टेबलाच्या पलीकडे उभा राहतो आणि हा अलीकडे येतो, तो दिवस उजाडेपर्यंत अनेकांनी चाळिशी गाठलेली असते. त्यांच्याबरोबर एमबीबीएस झालेल्यांचे दवाखाने तोवर जुने झालेले असतात. गेल्या काही वर्षांत सीव्हीटीएसच्या जागा देशभरात रिकाम्या राहतात, त्याचं नवल वाटायला नको. काळजी मात्र वाटायला हवी.

इतकं सगळं पदव्यांबद्दल सांगितल्यावर एका बिनपदवीच्या माणसाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. २९ नोव्हेंबर १९४४, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय. टेबलावर पंधरा महिन्यांची मुलगी, वजन पाच किलोसुद्धा नाही, सगळं अंग निळं. निळ्या बाळांच्या फुप्फुसांना रक्त कमी पडतं, तर हाताकडे जाणारी एक धमनी वळवून फुप्फुसाच्या धमनीला जोडता येईल का, हा प्रश्न हेलन टॉसिग यांचा. टॉसिगना ऐकू कमी यायचं. मुलांच्या छातीवर बोटं ठेवून त्या हृदयाची थरथर ओळखायला शिकल्या होत्या. सुरी आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या हातात होती. आणि ब्लॅलॉकच्या मागे एका स्टुलावर चढून, खांद्यावरून बघत, टाका कुठे आणि कोणत्या दिशेने घ्यायचा हे सांगत उभे होते व्हिव्हियन थॉमस. कृष्णवर्णीय, सुतारकाम शिकलेले, पैशाअभावी कॉलेजचं स्वप्न सुटलेले. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया त्यांनीच बसवली होती. ब्लॅलॉकपेक्षा कितीतरी जास्त वेळा त्यांनी ती केली होती. त्यांनी शिकवलेले तरुण पुढे अमेरिकेतले नामांकित सर्जन झाले. थॉमस यांना हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली.

हृदय उघडून काम करायचं तर रक्त दुसरीकडून फिरवायला हवं. १९५४ मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी बाळाच्या शेजारच्या टेबलावर त्याच्या आईला किंवा वडिलांना निजवलं, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या आणि पालकाच्या हृदय-फुप्फुसांवर बाळ जिवंत ठेवून त्याचं छिद्र बुजवलं. अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या, २८ मुलं घरी गेली. एका वेळी दोन जीव पणाला लावणारी ही पद्धत हार्ट-लंग मशीन सुधारताच मागे पडली, पण मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊ शकते हे तिने सिद्ध केलं.

मुंबई या प्रवासात फार मागे नव्हती. नायर रुग्णालयात डॉ. के. एन. दस्तूर यांनी १९६१ साली हार्ट-लंग मशीन लावून हृदयातलं छिद्र बुजवलं. भारतातल्या अगदी पहिल्या ओपन हार्ट शस्त्रक्रियांपैकी ती एक. परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि डॉ. जी. बी. पारुळकर यांच्यासारखे त्यांचे सहकारी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हात घडवत होते, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये, ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांत, सेन यांनी केईएममध्ये माणसाच्या हृदयाचं प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. महापालिकेच्या रुग्णालयातलं ते धाडस होतं, आणि मुंबईच्या हृदयशल्यचिकित्सेचा पाया अशा सार्वजनिक रुग्णालयांतच घातला गेला, हे आजच्या चकचकीत केंद्रांच्या दिवसांत विसरता कामा नये. नवजात बाळांपर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. १९९२ मध्ये कोलकात्यात डॉ. देवी शेट्टी यांनी नऊ दिवसांच्या बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा देशभर बातमी झाली.

एवढा वेळ का लागला, हे थिएटरमध्ये काय चालतं ते बघितलं की समजतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं सुमारे अडीचशे मिलिलिटर; प्रवासात आपण विकत घेतो त्या अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीची निम्मी. मोठ्या माणसात एक गॉज भिजली तर कुणी लक्ष देत नाही, इथे प्रत्येक गॉजचा हिशेब लागतो. हृदय बाळाच्या मुठीएवढं. सर्जन डोळ्यांना भिंग लावतो, कपाळावर दिवा. रक्त गोठू नये म्हणून औषध दिलं जातं, नळ्या बसतात, आणि पर्फ्युजनिस्ट म्हणजे मशीन चालवणारा तंत्रज्ञ सांगतो, ‘फुल फ्लो.’ आता बाळाचं हृदय आणि फुप्फुसं हे यंत्र आहे. महारोहिणीला चिमटा लागतो, पोटॅशियम असलेलं थंड द्रावण हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत सोडलं जातं आणि ठोके मंदावत थांबतात. मॉनिटरवरची रेघ सपाट होते. थिएटरमध्ये कुणी दचकत नाही; हेच हवं असतं. घड्याळ मात्र इथून सुरू होतं.

उजवी कर्णिका उघडून, झडपेचे पापुद्रे हलकेच बाजूला धरून सर्जन खाली बघतो. छिद्र दिसतं. त्यावर ठिगळ बसवायचं, बाळाच्याच हृदयावरणाचं किंवा कृत्रिम कापडाचं. टाके केसाहून बारीक. आणि या छिद्राच्या एका कडेला, डोळ्यांना अजिबात न दिसणारा, हृदयाला ठोक्यांचा आदेश पोचवणारा तंतूंचा जुडगा गेलेला असतो. एक टाका तिथे खोल गेला, तर छिद्र उत्तम बुजेल आणि बाळाला जन्मभर पेसमेकर लागेल. तो जुडगा कुठून जातो हे कोणत्याही भिंगातून दिसत नाही. ते माहीत असावं लागतं, आणि त्या कोपऱ्यात टाका किती वरवर घ्यायचा हे हाताला माहीत असावं लागतं. बारा-पंधरा वर्षांचं शिक्षण त्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये येऊन उभं राहतं. मग हवा बाहेर काढतात, चिमटा सुटतो, उबदार रक्त आत शिरतं आणि हृदय आपणहून थरथरतं, धडधडायला लागतं. अन्ननलिकेत घातलेल्या छोट्या प्रोबने तिथल्या तिथे इको होतो. छिद्रातून गळती दिसली, तर पुन्हा मशीनवर. ‘बघू नंतर’ असं इथे चालत नाही.

यानंतर बाळ आयसीयूत जातं आणि सर्जनचा हात संपतो. पहिल्या रात्री बाळाला सांभाळतात नर्स आणि इन्टेन्सिव्हिस्ट. लघवी किती झाली, रक्तदाब तासाभरात कुठे गेला, छातीतल्या नळीतून किती रक्त आलं, यावर डोळा ठेवणारी नर्स अनुभवी नसेल, तर निर्दोष शस्त्रक्रियाही वाया जाते. पाटीवरच्या पदव्या जे सांगत नाहीत ते हे.

ब्रिटनने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. ब्रिस्टलच्या रुग्णालयात १९८० आणि ९०च्या दशकांत मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचे निकाल इतर केंद्रांपेक्षा वाईट येत होते. स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने आकडे जमवून आवाज उठवला. २००१ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने म्हटलं, की १९९१ ते ९५ या काळात तिथे एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली. तिथल्या सर्जनांच्या पदव्यांत खोट नव्हती. केंद्राचे आकडे मोजून उघडपणे तपासण्याची पद्धत नव्हती. त्याच काळात लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटमध्ये मार्क द लेव्हाल यांनी उलटं उदाहरण घालून दिलं. नवजात बाळांच्या रोहिण्या सरळ करण्याच्या त्यांच्या शस्त्रक्रिया उत्तम चालल्या होत्या आणि अचानक एकामागून एक बाळं दगावू लागली. ते थांबले, स्वतःच्या निकालांचं संख्याशास्त्रीय विश्लेषण केलं, दुसऱ्या सर्जनकडे जाऊन तंत्र पुन्हा शिकले, आणि हे सगळं १९९४ मध्ये स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केलं. एखाद्या सर्जनची व्यावसायिक पार्श्वभूमी म्हणून मला त्यांच्या पदव्यांपेक्षा हा एक शोधनिबंध मोठा वाटतो.

मग घणसोलीतल्या आईने काय विचारायचं? विचारायचं, की याच दोषाची, याच वयाची किती मुलं या रुग्णालयात वर्षाला होतात आणि त्यांचं पुढे काय झालं. शस्त्रक्रिया पाटीवरचे डॉक्टर स्वतः करणार का. रात्री आयसीयूत मुलांचा डॉक्टर हजर असतो की फोनवर. छातीचं हाड न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून बटणासारखं उपकरण बसवून हे छिद्र बंद होण्यासारखं आहे का. पुष्कळ छिद्रं तशी होतात आणि मग सर्जनची गरजच पडत नाही. आपल्याकडे असं विचारलं की डॉक्टरांचा अपमान होईल असं वाटतं. चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याला आपले आकडे तोंडपाठ असतात.

पैशांचा प्रश्न लोकांना वाटतो तेवढा निरुत्तर राहिलेला नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिचं संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवून सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय घेतला. परळला केईएम आणि वाडिया आहेत. आणि घणसोलीहून ठाणे-पनवेल लोकल पकडली, तर गाडी न बदलता खारघर. तिथे श्री सत्य साई संजीवनी हे केवळ मुलांच्या हृदयाचं रुग्णालय आहे. त्यात बिल भरण्याची खिडकीच नाही. सगळे उपचार मोफत. सुनील गावसकर यांनी तिथल्या शस्त्रक्रियांसाठी निधी उभारायला मोठा हातभार लावला आहे. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की मुलांच्या हृदयोपचाराची कौशल्यं शिकवणारं प्रशिक्षण केंद्र म्हणूनही ते उभं केलं आहे. सर्जन एकटा येऊन भागत नाही. पर्फ्युजनिस्ट, इको करणारा तंत्रज्ञ, रात्रीची नर्स हे सगळे कुठेतरी घडावे लागतात.

एक काम मात्र कुटुंबाने स्वतःच करायचं असतं, आणि ते बहुतेक घरांत राहून जातं. निळ्या बाळाची दुरुस्ती झाली, मूल गुलाबी झालं, शाळेत पळायला लागलं, की तपासण्या थांबतात. पण अशा अनेक मुलांची फुप्फुसाकडची झडप पुढे गळत राहते आणि विशी-तिशीत ती बदलावी लागू शकते. मुलीच्या बाबतीत बाळंतपणाआधी हृदय तपासावंच लागतं. तोवर ज्याने शस्त्रक्रिया केली तो सर्जन निवृत्त झालेला असतो, रुग्णालयाचं नावही बदललेलं असतं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी डिस्चार्ज कार्डाबरोबर ‘ऑपरेशन नोट’ मागून घ्यायची. कोणतं ठिगळ, कुठे बसवलं, झडपेचं काय केलं, हे सगळं त्या एक-दोन पानांत असतं. ती नोट रेशनकार्ड आणि जन्मदाखल्याच्या पिशवीत ठेवायची, आणि तिचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये.